तब्येतीच्या मर्यादा सांभाळून हलक्या बाईकवर एकट्याने फिरायचंय? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

ज्यांना मणक्याचा, गुडघ्याचा, शुगरचा, बीपीचा असा कायमचा काहीतरी त्रास आहे आणि तरीही एकट्याने गाडी काढून दोन दिवस कुठेतरी जाऊन यावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी कमरेतल्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी सरकलेली आहे, शुगर गोळ्यांवर आहे, डाव्या मनगटात मुंग्या येतात, आणि गाडी साधी १०० सीसीची आहे. या सगळ्यात मी एकच हिशोब धरतो आणि तुम्हालाही तोच धरा म्हणतो: सकाळी पार्किंगमधून निघताना अंगात किती जोर असतो ते सोडून द्या, दिवसाच्या शेवटच्या तासाला, थकलेल्या अवस्थेत, अनोळखी लॉजच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये तुमच्याकडे जेवढी ताकद उरते त्या ताकदीला गाडी झेपली पाहिजे. पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं.

आधी डॉक्टर, मग गॅरेज

डॉक्टरांना "बाईक चालवू का" असं मोघम विचारलंत तर नव्वद टक्के वेळा "नको" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा नीट सांगा की सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बसणार, मग थांबून चालणार, दिवसाला एवढे किलोमीटर, सामान एवढं, आणि मग विचारा की यात काय बदलू. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट आहे, फिट येत असतील किंवा अचानक शुद्ध जाणं, भोवळ येणं असलं काही होत असेल तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत गाडी नाही, लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये हा प्रश्न विचारतात तो उगाच नाही विचारत.

गोळ्यांबद्दल पण विचारा, हे फार कमी जण विचारतात. पाठदुखीला आणि नसांच्या दुखण्याला जी औषधं देतात, प्रीगाबालिन, गाबापेंटिन, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, त्यातल्या बऱ्याच औषधांनी झोप किंवा चक्कर येते. सर्दीची सेटिरिझिन सुद्धा त्यातच आली. नवीन गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला की तिचा आपल्यावर काय परिणाम होतो ते कळेपर्यंत घरीच रहा.

मग एक कागद घ्या आणि लिहा, शरीर काय करू शकत नाही. आजाराचं नाव लिहू नका, हालचाल लिहा. "उजवा गुडघा वीस मिनिटांनंतर सरळ करावा लागतो", "वाकून काही उचलायचं नाही", "डाव्या हाताने सारखं दाबता येत नाही", "दर दोन तासांनी खावं लागतं". हा कागद मेकॅनिकला दाखवायला, सीटवाल्याला दाखवायला कामाला येतो, कारण त्यांना संधिवात म्हणून काही कळत नाही पण गुडघा वाकत नाही म्हटलं की लगेच कळतं.

वजन

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची, हिमालयन ४५० पण त्याच्याच आसपास. स्प्लेंडर ११२ किलो, शाईन १०० तर ९९ किलो. जवळजवळ निम्मं वजन! हायवेवर पळताना वजन जाणवत नाही, उलट जड गाडी बरीच वाटते, पण आपल्याला त्रास पळताना कमी आणि उभं असताना जास्त होतो, गाडी मागे ढकलताना, मेन स्टँडला लावताना, खडीवर वळवताना. म्हणून शोरूममध्ये टेस्ट राईडच्या आधी तीन गोष्टी करून बघा. गाडी बंद ठेवून, न बसता, थोड्या चढावर मागे ढकला. मेन स्टँडवर लावा आणि उतरवा. बसून दोन्ही पायांचे चवडे, फक्त बोटं नाही, जमिनीला टेकतात का बघा. यातलं एक जरी दमून करावं लागलं तरी ती गाडी तुमची नाही, ती कितीही छान दिसू दे.

मेन स्टँड हातांच्या जोरावर ओढून लावायचा नसतो, त्यातच पाठी भरतात. गाडी सरळ उभी करा, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत हे पायाने जाणवलं पाहिजे, मग उजव्या पायाने सगळं वजन स्टँडच्या दांडीवर टाका, हात फक्त दिशा देतात. पाठ ताठ. घरी जाड पुठ्ठा किंवा पातळ फळी मागच्या चाकाखाली ठेवून सराव केला तर अजून सोपं जातं.

आडवी झालेली गाडी उचलण्याची पद्धत असते, इंजिन बंद करा, गाडी उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच काढून ठेवा, गाडी गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही, मग गाडीकडे पाठ करून टेका आणि मांड्यांच्या जोरावर मागे मागे छोट्या पावलांनी चाला. पण मणक्याची गादी सरकलेली असेल तर ९९ किलोची सुद्धा एकट्याने उचलू नका. बाजूला उभं राहून हात करा, आपल्याकडच्या रस्त्यांवर पाच मिनिटांत कोणीतरी थांबतंच, आणि म्हणूनच एकट्याने जाताना वर्दळीचे रस्ते निवडायचे.

आणि हो, कमी उंचीच्या सीटच्या मोहात सगळे बजाजची अव्हेंजर सुचवतात. सीट ७३७ मिलिमीटर, पाय मस्त टेकतात, गुडघेवाल्यांना खरंच सोयीची आहे. पण पाठवाल्यांनी विचार करा. तिच्यात पाय पुढे असतात त्यामुळे खड्डा आला की पायांवर भार घेऊन बूड उचलता येत नाही, सगळा दणका थेट माकडहाडावर. स्प्लेंडर, शाईन, प्लॅटिना यांचे फूटरेस्ट बऱ्यापैकी खाली असतात, स्पीडब्रेकरवर अर्धवट जरी उठलात तरी मणका वाचतो.

डावा हात अगदीच साथ देत नसेल तर मात्र गिअरचा हट्ट सोडा, सरळ स्कूटर घ्या, फक्त लहान चाकांना खड्डे जास्त लागतात हे लक्षात ठेवून बारा इंची चाकवाली बघा.

बसायची जागा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सीट, हँडल, फूटरेस्ट. हे तीन बिंदू शरीराला जुळले की निम्मं काम झालं, आणि जुळले नाहीत तर बाकी हजारो रुपये वाया. एक नियम मात्र पाळा, एका वेळी एकच बदल करायचा आणि आठवडाभर रोजच्या कामाला तशीच चालवायची. सगळं एकदम बदललं तर कशामुळे बरं वाटलं आणि कशामुळे नवीन दुखणं सुरू झालं ते कधीच कळत नाही.

सीटपासून सुरू करा. कम्युटर गाडीची लांब सपाट सीट खरं तर आपल्यासाठी वरदान आहे, अर्धा तास पुढे अर्धा तास मागे सरकून बसता येतं. पण दोन-तीन वर्षांत फोम बसतो. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, तिकडे सीटवाले पण आहेत, समोर बसून काम करून घेता येतं. त्यांना सांगायचं असं: खाली कडक रिबाँड फोम (फोमचे तुकडे दाबून केलेला), वर पातळ मऊ थर. नुसता मऊ स्पंज दुकानात बसल्यावर भारी वाटतो आणि तासाभराने खालचा पत्रा टोचायला लागतो. पुढच्या बाजूला सीट अरुंद ठेवायची म्हणजे पाय सरळ खाली जातात, मागच्या बाजूला रुंद. पुढे उतार नको, नाहीतर ब्रेक मारला की टाकीवर घसरता आणि सगळा भार मनगटांवर येतो. माकडहाडाचा त्रास असेल तर मध्यभागी मागच्या बाजूला उभी खाच करून घ्या. आणि कव्हर ठोकायच्या आधी, नुसत्या फोमवर वीस मिनिटं बसून बघा, चहा तिथेच मागवा, लाजू नका. सीटवाले कधीकधी वैतागतात, तरी बसा.

उंची कमी करायला फोम कापायचा असेल तर इंचभर ठीक, त्याहून जास्त कापला तर सीट कडक होते आणि गुडघा जास्त दुमडतो, म्हणजे पायाचं भलं करता करता गुडघ्याचं वाटोळं. शॉकअप बदलून किंवा फोर्क वर सरकवून गाडी खाली बसवणारे पण असतात, ते नवख्यांनी करू नये, गाडीची वळण्याची सवय बदलते आणि साईड स्टँड लांब पडून गाडी पलीकडे कलंडते.

हँडल. पाठ एकदम ताठ नको आणि ओणवं पण नको. कमरेतून किंचित पुढे, कोपर जरा वाकलेले, खांदे सैल. हात लांबवून पकडावं लागत असेल तर हँडल वर उचलणारे इंच-दीड इंचाचे रायझर मिळतात, किंवा थोडं मागे वळलेलं हँडल मिळतं, साध्या पाईप हँडलच्या गाड्यांना बसतं. बसवल्यावर गॅरेजमध्येच एक चाचणी करा, गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. इंजिनचा आवाज वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, हे असं घेऊन रस्त्यावर जायचं नाही. क्लचची केबल आणि ब्रेकची नळी पण तेव्हाच बघून घ्या.

गुडघ्यांसाठी लेग गार्डवर बसणारे जादा फूटरेस्ट मिळतात, पाय पुढे ताणायला. रिकाम्या सरळ रस्त्यावर दोन मिनिटं, एवढंच, कारण तिथून मागचा ब्रेक आणि गिअर दोन्ही लांब पडतात. गुडघ्याला खरा आराम थांबून चालण्यानेच मिळतो.

क्लच आणि मनगट

ज्यांच्या हातात मुंग्या येतात त्यांनी पैसे खर्च करायच्या आधी हे फुकटचं करून बघा. क्लचचा लिव्हर ज्या क्लॅम्पवर आहे त्याचा बोल्ट सैल करा आणि लिव्हर खाली फिरवा, इतका की बसून हात ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष येईल. बहुतेक गाड्यांचे लिव्हर वर असतात आणि मनगट मोडून ठेवावं लागतं. मग तोच क्लॅम्प सेंटीमीटरभर आत सरकवा, म्हणजे बोटं लिव्हरच्या टोकाजवळ पडतात आणि कमी जोरात क्लच दाबला जातो. एका पान्याचं काम आहे, आणि माझ्या हाताला फरक पहिल्याच दिवशी पडला. त्यानंतर केबलला तेल, जुनी असेल तर नवी केबल, लिव्हरला टोकाशी एक-दोन सेंटीमीटर मोकळी चाल ठेवून. एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. वरून जाड फोमची ग्रिप घाला, हातात येणारी थरथर कमी होते.

ब्रेकचं पण बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नवीन गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) आहे. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो, बाईकमध्ये हे सहसा पायाच्या ब्रेकला जोडलेलं असतं, त्यामुळे उजवा हात कमजोर असेल तर हे मोठा आधार आहे. उजव्या पायात जोर नसेल किंवा शुगरमुळे तळवा बधिर असेल तर मात्र पेडलची उंची बदलून घ्या आणि मोकळ्या मैदानात हाताच्या ब्रेकचा सराव करा. तळवा बधिर असल्यावर पेडलवर पाय आहे की नाही हेच कळत नाही, आधी डॉक्टरांशी बोला.

शॉकअप सहसा पाच खाचांचे असतात. एकटे असाल तर सगळ्यात मऊ किंवा त्याच्या पुढची खाच, सामान असेल तर अजून एक. पाठवाल्यांनी हवा गाडीवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी जेवढी लिहिलीय तेवढीच भरा, पंपावरचा पोरगा अंदाजाने जास्त भरतो आणि मग प्रत्येक खडा मणक्यात मोजा.

सामान आणि पंक्चर

पाठीवर सॅक घ्यायची नाही. विषय संपला. सामान गाडीवर, जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ, हलकं वर. आपल्याकडच्या साडी गार्डचा इथे छान उपयोग होतो, डावीकडची बॅग त्याला टेकते आणि चाकात जात नाही. उजवीकडे सायलेन्सर, तिकडे बॅग टाकायची तर फॅब्रिकेशनवाल्याकडून छोटी जाळी करून घ्या, बॅग जळताना वास येतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. मागच्या टोकाला मोठा बॉक्स लावून त्यात दहा किलो कोंबू नका, पुढचं चाक हलकं होतं आणि वारा आला की हँडल थरथरतं. टाकीवरच्या छोट्या बॅगेत औषधं, ग्लुकोज, पाणी, कागदपत्रं. न वाकता, न उतरता हाताशी येईल असं.

टायर ट्यूबलेस असलेच पाहिजेत. वाकून चाक काढणं आपल्याला जमणार नाही हे मान्य करून पुढे जायचं. चार्जिंगवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ ठेवा, छोट्या गाडीची बॅटरी लहान असते, तिच्यावर पंप चालवून मग सेल्फ लागला नाही तर किक मारायला गुडघा कुठून आणणार. बॅटरी जुनी असेल तर निघायच्या आधीच बदला.

शुगर, बीपी, आणि फोन

शुगर निघायच्या आधी मोजा आणि साधारण दर दोन तासांनी. ७० च्या खाली गेली म्हणजे लो. किती असेल तर निघायचं हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, मी ९० च्या खाली असेल तर आधी खातो आणि मगच निघतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी पण शुगर लो होते, फक्त इन्सुलिनवाल्यांनाच होते असं नाही. हात थरथरणं, दरदरून घाम, उगाच चिडचिड असं काही वाटलं की पुढच्या हॉटेलपर्यंत जाऊ असं करायचं नाही, तिथेच बाजूला, गाडी बंद, १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. चिक्की, शेंगदाण्याचा लाडू यांनी लगेच वाढत नाही, त्यातल्या तेलामुळे वेळ लागतो, ते नंतर खायला ठेवा. शुगर वर आल्यावर पण पाऊण तास बसून रहा, डोकं पूर्ण ताळ्यावर यायला वेळ लागतो. इन्सुलिन बॉक्समध्ये उन्हात तापू द्यायचं नाही, ओल्या कपड्याच्या तत्त्वावर थंड राहणाऱ्या पिशव्या मिळतात.

बीपीच्या काही गोळ्यांनी उभं राहताना एकदम अंधारी येते, त्यामुळे थांबल्यावर झटकन उतरू नका, दोन्ही पाय टेकून अर्धा मिनिट बसा, हेल्मेट काढा, मग उतरा. स्टेंट टाकलेला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हातमोजे, जॅकेट, गुडघ्याचं पॅड हे सोडायचंच नाही, कारण साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही.

एक जाड कागद, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत नाव, रक्तगट, आजार, गोळ्यांची नावं, घरचा नंबर, लॅमिनेट करून पाकिटात एक आणि जॅकेटच्या खिशात एक. व्हॉट्सअॅपवर लाईव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालतं, नंतर परत चालू करावं लागतं. ताम्हिणीसारख्या घाटात रेंज जाते, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. अॅम्ब्युलन्सला १०८.

कायद्याचं थोडक्यात: सीट, ग्रिप, बॅग यांनी काही अडत नाही, पण गाडीच्या आरसीवर जे लिहिलंय ते बदलेल असं काही, म्हणजे बाजूला जादा चाकं लावणं वगैरे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं, आधी आरटीओची परवानगी आणि मग वेल्डिंग. विमा कंपनीलाही कळवा.

पहिले रस्ते

पुण्यातल्या माणसाचं अर्धं अंग पुण्यातून बाहेर पडतानाच संपतं. चांदणी चौक, कात्रज, हडपसर, वाघोली, कुठूनही निघा, नऊ वाजता निघालात तर पहिला तास क्लच दाबण्यातच जातो आणि दिवसाचं भांडवल तिथेच खर्च होतं. सहाच्या आत शहराबाहेर. परतताना पण संध्याकाळी सहा ते नऊ शहरात शिरायचं नाही, एक तर चारला घरी या नाहीतर बाहेरच जेवून उशिरा या, आणि आपल्यासारख्यांनी चारलाच यावं. थंडीत मात्र सांधे आखडलेले असतात, दहा मिनिटं घरातच हातपाय हलवून मग निघा.

पहिली फेरी खडकवासल्यापर्यंत आणि परत, शनिवार-रविवार सोडून. सिंहगडाचा घाट सुरुवातीला नको, अरुंद, चढ तीव्र, आणि सुट्टीला वरून खालून गाड्याच गाड्या, अर्ध्या क्लचवर उभं रहावं लागतं. दुसरी बनेश्वर, नसरापूरचं, जाऊन येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर, देवळामागे झाडीत चालायला जागा आहे, पाठ मोकळी होते. तिसरी सासवडवरून जेजुरी, जमलं तर पुढे मोरगाव. जेजुरीला पायऱ्या चढायच्या की नाही ते गुडघ्यांना विचारा, खालून दर्शन घेतलं तरी खंडोबा रागावत नाही. यातली प्रत्येक फेरी किमान दोनदा करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कसं वाटतं ते लिहून ठेवा. गाडीवर असताना उत्साहात दुखणं कळत नाही, दुसऱ्या दिवशीचं अंगच खरं बोलतं. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढची फेरी लांबवायची नाही, तीच परत, जास्त थांबे घेऊन.

मुक्कामाची पहिली ट्रिप वाईला करा, नव्वदेक किलोमीटर, सातारा हायवेने, वाटेत पंप, हॉटेलं, दवाखाने सगळं आहे. नाहीतर कार्ल्याला, जुन्या मुंबई हायवेने, एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. ताम्हिणी, वरंध हे घाट नंतर, आणि पावसाळ्यात तर नकोच, दरडी पडतात. दिवाळी ते फेब्रुवारी हा आपला काळ. वेग ५०-५५, छोट्या इंजिनाची थरथर त्याच्या वर वाढत जाते आणि ती सगळी मनगटात उतरते.

मुक्कामाची खोली तळमजल्यावरची, आधी फोन करून विचारा, पार्किंग सपाट आहे का ते पण विचारा, आणि पोहोचल्यावर गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या दिशेने करून लावा, म्हणजे सकाळी मागे ढकलावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी अंग बरं नसेल तर तिथेच अजून एक दिवस रहायचा, त्यासाठी पैसे, कपडे आणि गोळ्या एका दिवसाच्या जादाच घेऊन निघायचं.